डाव्या मनगटावरचा पांढरा केस

प्रिय जिपार,

जर्दाळू फुललेत. लहानपणापासून तू त्या फुलांना पांढरी म्हणत आलीस आणि मी भांडत आलो, आठवतं? पांढरी नसतात ती. देठाजवळ गुलाबी असतात, कोकराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखी, आणि पाकळीच्या कडेला जाता जाता तो गुलाबी थकून जातो. आज सकाळी झाडाखाली उताणा पडून मी एकेक फूल निरखलं. भांडण मी जिंकलो. तुला कळवावंसं वाटलं.

आणखीही बरंच कळवायचंय. नदीला वरच्या बर्फाचं पाणी आलंय, दुधात हिरवा रंग कालवावा तसं. उमसुनाय आजीच्या तंबूच्या दारावरचा लाल नमदा उन्हाने विटून वाळक्या डाळिंबाच्या सालीसारखा झालाय. तुझ्या आईची कबरी घोडी व्यायली. शिंगरू काळं कुळकुळीत, मागचा एक पाय तेवढा पांढरा, जसं काही तंबूतून निघताना घाईत एकच मोजा घातला. आणि आमची सालकिन एजे, जिच्या धपाट्यांवर मी वाढलो, तिच्या डाव्या गालावर कानाजवळ तीळ आहे. थोरली बहीण माझी, जन्मभर एका ताटात जेवलो, आणि हा तीळ मला कधी दिसलाच नव्हता. हे सगळं मी मोठ्या अक्षरात लिहितोय, शाळेत नव्याने बसलेल्या मुलाने काढावं तसं, ओळी सुट्या सुट्या ठेवून. का ते पुढे येईलच. हे पत्र सावकाश वाचायचं. मध्ये थांबायचं नाही.

मी कॉलेज का सोडलं ते तुला कुणी नीट सांगितलंय का? गावात दोन गोष्टी फिरतात, एक म्हणजे मी नापास झालो आणि दुसरी म्हणजे सरांना मारलं. दोन्ही अर्ध्याच खऱ्या. शहरातल्या त्या चंद्रविद्येच्या कॉलेजात मी कधीच हुशार नव्हतो, पण एक तास मला पाठ आहे. जोलदोश सर फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "चंद्र काही निर्माण करत नाही. त्याचा उजेडसुद्धा त्याचा नाही. तो इथलं उचलतो आणि तिथे ठेवतो. आपण ज्याला विद्या म्हणतो, जादू म्हणतो, ती एवढीच: चंद्राची हमाली. एकाचं हाड जुळलं की दुसऱ्याचं मोडतं. एकाचा ताप उतरला की दुसऱ्याला भरतो." मी विचारलं, "सर, उचलतो कुणाचं?" ते म्हणाले, "प्रेम करणाऱ्याचं. बाकी कुणाचं दार त्याला उघडं सापडत नाही." मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "म्हणून तुरातची तब्येत रोज बिघडते!" सगळा वर्ग हसला. तुझं नाव तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मीच करून ठेवलं होतं तसं. कुणी विचारो न विचारो, मी सांगायचो. आणि मग कुणीतरी विचारलं, आई नाही का चालत, आईहून जास्त प्रेम कोण करतं? सर म्हणाले, "रक्ताचं माणूस चालत नाही. आईचं काढून लेकराला देणं म्हणजे एका खिशातून काढून त्याच खिशात घालणं. चंद्र असल्या कामाला हात लावत नाही. त्याला परकं माणूस लागतं. परकं आणि वेडं."

मग हिवाळ्यात आपल्या गावचा सादिर त्याचा ट्रक घेऊन शहरात आला. त्याने मला वसतिगृहाच्या फाटकाशी गाठलं आणि आधी माझ्या हातात उकडलेली अंडी ठेवली. तेव्हाच मला कळलं की वाईट काहीतरी आहे. म्हणाला, "जिपारचे डोळे चाललेत रे. कारा-बेल खिंडीत मेंढरांसोबत अडकली होती, सगळीकडे नुसतं बर्फ आणि ऊन. आता तिला माणूस दिसतं पण तोंड दिसत नाही. ओरोझशी तिचं ठरलंय ना, त्याच्या घरचे म्हणताहेत, आंधळी सून घेऊन काय करायचं, लोणी घुसळायला बसवायची?" दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी बसलोही. प्रश्न वाचला: चंद्रास्ताच्या वेळी वाटीतील दुधात होणारे बदल सविस्तर लिहा. मी उठलो. जोलदोश सर म्हणाले, "बसा खाली." मी शाईची दौत उचलली आणि फेकली. सरांना लागली नाही, फळ्याला लागली. त्यांना मारायची माझी इच्छा होती की नव्हती, ते मला अजून सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की सादिरच्या ट्रकमध्ये बसलो तेव्हा माझ्या बोटांना शाई होती आणि मी गात होतो. तुझे डोळे जात होते आणि मी गात होतो, कारण ओरोझच्या घरचे मागे सरत होते. असा आहे मी. तू मला काही ओळखत नव्हतीस असं नाही.

नूरुझच्या, नव्या वर्षाच्या सणाला सगळं साज-बुलाक गाव नदीकाठी जमलं होतं. कढईत कणकेचे बोरसोक तळत होते, आणि पोरं त्यासाठी एकमेकांना ढकलत होती. नमदे वाळत घातले होते, त्यांच्या मागे तू उभी राहिलीस आणि सालकिन एजेकरवी मला बोलावलंस. तेव्हा पहिल्यांदा मी तुझे डोळे जवळून पाहिले. बुबुळांवर साय आली होती. तू माझ्याशी बोलत होतीस आणि माझ्या कानाकडे बघत होतीस. माझ्या उजव्या हातात घोड्याचा लगाम होता. तू म्हणालीस, "तुरात, हात दे." मी डावा पुढे केला, मोकळा होता म्हणून. तू तो चाचपलास, आणि विचारलंस, "हाच देतोस? नक्की?" मी म्हणालो, "एक काय मागतेस, दोन्ही घे. पाय पण घे, सणाला सूप करून पी." तू हसली नाहीस. तू मान खाली घातलीस आणि मला वाटलं, लाज.

आता जगात कुणाला हे ठाऊक नसेल, पण आपल्या खोऱ्यात रांगतं पोरसुद्धा जाणतं. लग्नाची गाठ उजव्या मनगटावर, कोकराच्या लोकरीची. वाटीची गाठ डाव्या मनगटावर, घोडीच्या शेपटीच्या केसाची. केस एकच, लांब, पांढरा, मधोमध कापलेला. एक तुकडा देणाऱ्याच्या मनगटावर, दुसरा घेणाऱ्याच्या वेणीत. मग पौर्णिमेला घेणाऱ्याने देणाऱ्याचं नाव घेऊन घोडीच्या दुधाची वाटी प्यायची, आणि चंद्र मावळताना याचं त्याला जातं. देणाऱ्याने हात स्वतः पुढे करायचा असतो, कुणी ओढून घेतला तर गाठ धरत नाही. मी स्वतः केला. तू बांधत होतीस तेव्हा मी मनगटाकडे बघायला हवं होतं. मी तुझ्या भांगाकडे बघत होतो.

आणि मग मी काय केलं! घोड्यावर उडी मारून सगळ्या तंबूंमधून ओरडत फिरलो. "जिपारने गाठ बांधली! जिपारने गाठ बांधली!" म्हातारे माझ्या पाठीवर थापा मारायला पुढे यायचे, माझा हात बघायचे, आणि थाप मारायची राहून जायची. बायका पदर तोंडाशी न्यायच्या. मला वाटलं, आनंदाने. शेवटी सालकिन एजेने घोड्याला धरून थांबवलं. "उतर खाली. गाढवा, हात कोणता आहे बघ. बघितलास? आता ते काय आहे बघ. लोकर आहे का ती?" मी बघितलं. मग अस्तनी खाली ओढली आणि तिला म्हणालो, "तुला काय कळतं? तिला दिसत नाही, चुकून बांधलं असेल." एजे म्हणाली, "लोकर आणि घोडीचा केस आंधळ्यालाही ओळखू येतो. आंधळ्याला तर आधी."

पौर्णिमेला अवकाश होता. चाकू माझ्या कमरेला होता. केस कापून टाकायला कितीसा वेळ लागतो? एजे रोज म्हणायची, काप. मी कापला नाही. हे मोठं प्रेम होतं असं समजू नकोस, मी तेवढा चांगला नाही. मी पैज लावली होती, स्वतःशीच. जिपार बांधेल, पण माझ्या नावाने वाटी उचलणार नाही. वाटी तोंडाशी नेईल आणि तिचा हात थांबेल. आणि मग मी तिच्या दारात जाऊन उभा राहीन आणि म्हणेन, बघ, तुला नाही जमलं. चल, आंधळी तर आंधळी, माझी आहेस.

त्या पहाटे मी बाहेर बसून चहा पीत होतो. चंद्र डोंगराला टेकला होता. आधी कडा गेल्या, मग दूरचे डोंगर, मग कप धरलेला माझा हात. मला वाटलं ढग आले. मी एजेला म्हणालो, "आज उजाडायला उशीर का होतोय?" आणि त्याच वेळी ओढ्यापलीकडून, तुझ्या आईच्या तंबूतून, बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. "दिसलं! पोरीला दिसलं!" तुझ्या आईचा आवाज तर मी हजारांत ओळखला असता. कुणीतरी डफ वाजवायला घेतला. चहा अजून गरम होता, जिपार.

उन्हाळाभर मी वाट बघितली. एकदा आलीस. तू काही बोलली नव्हतीस तरी दारात उभी आहेस हे मला कळलं, तुझ्या बुटाची टाच झिजलेली आहे आणि तू एक पाय ओढून टाकतेस. मी म्हणालो, "कोण, जिपार? ये, ये. माझे डोळे नीट बसले का तुला? सैल तर होत नाहीत? माझ्या डोळ्यांना डावीकडचं जरा कमी दिसायचं, सांभाळून घे." मग तू एवढंच म्हणालीस, "हात तू पुढे केलास, तुरात." आणि गेलीस.

पानगळीत तुझं ओरोझशी लग्न झालं. मी हट्टाने आलो, एजेच्या खांद्यावर हात ठेवून. नवऱ्या मुलाच्या आईचं बोलणं माझ्या कानावर पडलं, पडावं म्हणूनच ती बोलत होती. पाहुण्यांना सांगत होती, "आमची सून काही साधीसुधी नाही बरं. तिच्यापायी एक पोरगा आंधळा झाला. हा काय इथेच बसलाय, बघा." पाहुण्यांनी मला बघितलं. तुझ्यावर कुणी प्रेम केलं यात तुझी बदनामी नव्हती, तो तर दागिना होता, तिने मिरवला. विचारायची ती गोष्ट उमसुनाय आजीने सगळ्यांसमोर विचारली, गावाला चंद्राच्या वाट्या भरून देणारी चांदआई म्हणून तिचं कामच ते. "वाटीनंतरच्या पहाटे वेणीतला केस जाळलास ना, पोरी?" तू म्हणालीस, "जाळला." आवाज इतका सहज, की बाजूला मांस कापणाऱ्याचा चाकू क्षणभरही थांबला नाही. केस जळला की दोर तुटला, तोवर तो दोन्हीकडून ओढता येतो. देणाऱ्याच्या मनगटावर राहतो तो नुसता घोडीचा केस.

मग ओरोझ माझ्याकडे आला. आपल्याच वर्गातला ओरोझ, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसची वाटी घेऊन. माझ्या हातात दिली, माझी बोटं तिच्याभोवती नीट मिटवली, आणि म्हणाला, "तुरात, काही लागलं तर सांग, भावा." मी म्हणालो, "लागलंय की. नवरी कशी दिसते तेवढं सांग." कुणीही शहाणा माणूस यावर शिवी देऊन उठला असता. ओरोझ सांगायला लागला. हळूहळू, शाळेत धडा वाचायचा तसा, एका शब्दावर बोट ठेवून मग दुसऱ्यावर. "टोपीला... चांदीची नाणी आहेत. डोळे... मोठे आहेत. ती... दाराकडे बघतेय." त्या दिवशी मला त्याचा खरा राग आला. तोवर मी त्याला नुसता मूर्ख समजत होतो.

हिवाळा कसा काढला ते लिहीत नाही. आंधळ्याला लांब रात्रीचं काही वाटत नाही असं लोकांना वाटतं. शेवटी बर्फ वितळायला लागलं तेव्हा मी काठी टेकत उमसुनाय आजीकडे गेलो आणि म्हणालो, मला वाटी भरून दे. "कुणाच्या नावाने?" जिपारच्या. ती इतकी हसली की तिला खोकला आला. "अरे वेड्या! तिने केस जाळलाय. आणि नसता जाळला तरी काय? दूध काय तुझ्या हुकमाने चढतं? जिच्या नावाने उचलायची तिच्या मनात तू असावा लागतोस. तू तिच्या मनात असतास तर तिने तुझे डोळे घेतले असते?" मी म्हणालो, "म्हणूनच तर, आजी. काही होणार नाही हे मलाही ठाऊक आहे. तेवढंच मला हवंय. दूध प्यायलो, पहाट झाली, अंधार तसाच राहिला, की तिने कधीच माझ्यावर जीव लावला नव्हता हे नक्की होईल. मग मी तिला विसरेन. बायको करीन एखादी, दळण दळीन." तिने बराच वेळ माझ्या मनगटावरचा केस चाचपला. म्हणाली, "हा ओला का लागतो?" पण वाटी दिली.

पौर्णिमेला मी आजीच्या दारात बसलो. घोडीचं दूध, जर्दाळूच्या लाकडाची वाटी, वर उघडं आभाळ, आणि एजे मला धरून, पडू नये म्हणून. मी तुझं नाव घेतलं. प्रेमाने नाही, जिपार. एखाद्या कुत्र्याला हाकलताना घ्यावं तसं घेतलं. आणि प्यायलो.

पहाटे पहिल्यांदा दिसला तो तीळ. एजेच्या डाव्या गालावरचा, कानाजवळचा.

मी काय केलं असेन असं वाटतं तुला? रडलो? आभाळाकडे बघितलं? मी हसलो. वाटी हातात घेऊन खदाखदा हसलो, कारण डोळे मिळाले ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती, लक्षात आलं होतं ते एवढंच की जिपार माझी होती. सगळा वेळ माझी होती. केस जाळला नव्हता तिने. सगळ्या गावासमोर, चांदआईसमोर, सासूसमोर खोटं बोलली होती आणि तो तुकडा वेणीत घालून त्या घरात नांदायला गेली होती. माझे डोळे घेतले होते तेव्हाही माझी होती आणि मी तिला झिजल्या टाचेवरून ओळखून हिणवलं तेव्हाही. हसता हसता मी एजेकडे बघितलं. ती माझ्याकडे असं बघत होती जसं कुणी साप मारायला दगड शोधताना बघतं. म्हणाली, "तुला दिसतंय. म्हणजे आत्ता, या घटकेला, तिकडे तिला..." उमसुनाय आजीने माझ्या हातातली वाटी ओढून घेतली आणि दगडावर आपटून फोडली. "दिसतंय ना नीट? मग वाट पण दिसत असेल. नीघ माझ्या दारातून."

पुढचं सादिरने सांगितलं, त्याला काही ठाऊक नसताना. "जिपारचं पुन्हा गेलं रे. जुनंच दुखणं उलटलं म्हणतात. सकाळी चहा ओतत होती सगळ्यांना, ओतता ओतता सासूच्या हातावरच ओतला. म्हातारी अशी किंचाळली!" तो एकटाच हसला. मग माझ्या डोळ्यांकडे त्याचं लक्ष गेलं. भला माणूस आहे, त्याने काही विचारलं नाही. फक्त या खेपेला अंडी दिली नाहीत.

तर तुमच्या घरात सगळे समजतात, बर्फाचं दुखणं उलटलं. तू सांगितलेलं नाहीस. सांगणार तरी काय? कुणी घेतले म्हणशील, तर प्रश्न येईल, कसे घेतले. आणि वेणी सोडावी लागेल. मी ओळखतो तुला, तू अंधारात गप्प बसशील, लोणी घुसळशील, सासूचे टोमणे खाशील, आणि वेणी स्वतःच घालशील, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाहीस.

म्हणून हे पत्र, जिपार. तू हे वाचत नाहीयेस. तुझ्या सासूला अक्षर येत नाही, सासरा केव्हाच गेला. त्या घरात वाचणारा माणूस एकच आहे, आणि तो एका शब्दावर बोट ठेवून मग दुसऱ्यावर ठेवतो, म्हणून मी अक्षर मोठं काढलं. ओरोझ, मित्रा, आत्तापर्यंत जे तू तुझ्या बायकोला वाचून दाखवलंस ते छान वाचलंस. थांबू नकोस आता. तिचा चेहरा बघू नकोस, ओळ चुकेल. वेणीत डावीकडे, मानेजवळ, एक पांढरा केस आहे, माणसाचा नाही, घोडीचा. पौर्णिमा यायची आहे. तो केस तू जाळू शकतोस, तुला हक्क आहे, कुणी नाव ठेवणार नाही. मग ती जन्मभर आंधळी राहील, आणि तुझी राहील. नाहीतर केस असू दे वेणीत, तिला वाटी भरून दे, आणि तिच्या शेजारी बसून तिच्या तोंडून माझं नाव ऐक. तिसरी वाट पण आहे. घोडीच्या शेपटीचा नवा केस आण, तुझा डावा हात पुढे कर. मग पहाटे कळेल तू तिच्यावर किती जीव लावलास. तिला दिसायला लागलं तर तू आंधळा. नाही दिसलं तर सगळ्या गावाला कळेल की तिच्यावर जीव नसलेला, नुसती मेंढरं मोजणारा माणूस तिच्या शेजारी झोपतो. मला ठाऊक आहे तू कोणती वाट धरशील. तू चांगला माणूस आहेस, ओरोझ, आणि हे मी तुझ्या चांगुलपणासाठीच लिहिलंय, वाईट माणसाला असं पत्र लिहून उपयोग नसतो. आणि जिपार, तुला एवढंच सांगायचंय: त्याला हात पुढे करू देऊ नकोस. माझं नाव घे. क्षमा मागत नाहीये मी. मी हे सगळं केल्यावर तुझ्यावर अजून माझा जीव आहे की संपला, ते मला आतून शोधून सापडत नाही. चंद्राला विचारण्याखेरीज दुसरा मार्ग मला शिकवलेला नाही. माझा तुकडा मी कापलेला नाही. पौर्णिमेच्या पहाटे जर्दाळूखाली बसून असेन, चहा घेऊन. फुलं तोवर गळून गेलेली असतील, म्हणून आज सगळी बघून ठेवली, एकही सोडलं नाही. उजाडायला उशीर झाला तर समजेन, अजून आहे. आणि वेळेवर उजाडलं, तर खाली माझ्या नावावरचा शब्द खोडून टाक, ओरोझला सांग खोडायला.

तुझाच,
तुरात